आत्याबाईंची टूंक

बिलाची नोंद झाली की आमचा प्रोग्राम टूंक करायचा.

एवढंच. गिऱ्हाइकाचं नाव, काचेचा नंबर, फ्रेमची किंमत हे सगळं भरून बटण दाबलं की कॉम्प्युटर थोडा वेळ घुटमळायचा, पडद्यावर ‘नोंद झाली’ अशी बारीक अक्षरं यायची आणि मग टूंक. ही टूंक कोणी मागितलेली नव्हती. ज्या गृहस्थाने तो प्रोग्राम लिहिला तो केव्हाच दुसरीकडे मोठ्या पगारावर निघून गेला होता, त्यामुळे ती का होते हे सांगायलाही कोणी उरलं नव्हतं. आज त्या ऑफिसातलं निम्मंअधिक मी विसरलोय. कोणाची खुर्ची कुठे होती तेसुद्धा घोळ घालून सांगतो. पण ती टूंक अजून कानात आहे, कारण ती काढायला मी गेलो होतो आणि एका म्हाताऱ्या माणसाचं सगळं बस्तान त्या टूंकेवर उभं आहे, याचा आमच्यापैकी कोणालाही पत्ता नव्हता.

आमची कंपनी म्हणजे दाताच्या डॉक्टरांच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. आम्ही चष्म्याच्या दुकानांसाठी प्रोग्राम बनवायचो. मी तिथे ‘प्रकाशन व्यवस्थापक’ होतो. हे पद ऐकून शेजारीपाजारी मला पुस्तकांचा प्रकाशक समजायचे. खालच्या दातवाल्या डॉक्टरांनी तर त्यांच्या कवितांचं बाड माझ्या टेबलावर आणून ठेवलं होतं. माझं काम असं होतं, की प्रोग्राममधल्या नव्या सुधारणा ग्राहकांकडे जाण्याआधी त्यांचा आपापसांतला मेळ बसवायचा. मी हे समजावून सांगितलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, “म्हणजे संपादनच की.” बाड तिथेच राहिलं.

मेळ बसवणं म्हणजे काय ते सांगतो. आमचा प्रोग्राम एकसंध नव्हता, त्याचे बरेच तुकडे होते आणि प्रत्येक तुकडा दुसऱ्या कोणाच्या तरी जिवावर चालायचा. एकाला नवं केलं की तो म्हणायचा, मला शेजारचाही नवा पाहिजे. ग्राहकाकडे चुकीच्या क्रमाने पाठवलं तर दुकान सकाळी उघडायचं, पण कॉम्प्युटर उघडायचा नाही. या तुकड्यांना बाकीच्या जगात आकडे देतात. आमचे मालक मात्र मोठ्या खटल्यात वाढलेले. त्यांचं म्हणणं, आकडा माणूस विसरतो, नातेवाईक विसरावेसे वाटले तरी विसरता येत नाहीत. म्हणून जुन्या नोंदी पोटात घेऊन बसलेला तुकडा म्हणजे आजोबा. तारखा सांभाळणारा मामा. बिल करणारी आत्या. आणि सगळ्यात शेवटी आलेला, फ्रेमवरच्या काळ्या रेघा वाचणारा तो जावई. कारण त्याला सगळं घर त्याच्या मनासारखं लागायचं, नाहीतर तो रुसून बसायचा.

भिंतीवर एक मोठा फळा होता. त्यावर चिठ्ठ्या आणि दोऱ्यांनी केलेली या कुटुंबाची वंशावळ. कोण कोणावर अवलंबून, ते दोरा सांगायचा. तो फळा मी स्वतः केला होता आणि त्याचा मला अभिमान होता. जग एका फळ्यावर मावतं असं वाटण्याचं वय होतं ते.

तर एके दिवशी एक कोटवाले गृहस्थ आले. त्यांची बऱ्याच गावांत चष्म्याची दुकानं होती आणि त्यांनी आमचा प्रोग्राम घेतला असता तर आमच्या मालकांनी खोलीला नवा रंग काढला असता. मालकांनी घाम पुसत प्रोग्राम दाखवला. सगळं छान चाललं होतं. मग टूंक झाली आणि कोटवाल्यांनी दात दुखल्यासारखं तोंड केलं.

“हे काय?”

“सूचना आहे ती,” मालक म्हणाले. “नोंद झाल्याची.”

“नोंद झाल्याचं पडद्यावर दिसतंच की. माझ्या दुकानांत शांतता असते. हे टूंक-टूंक नको.”

“काढून टाकू,” मालक म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले. “पाच मिनिटांचं काम.”

उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! पण मीही त्या काळी कमी नव्हतो. “पाच कशाला, दोन मिनिटांचं,” मी म्हटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आमच्याकडे एक बाई होत्या, त्यांना सगळे शंकासुर म्हणायचे. त्यांच्या तोंडावरसुद्धा म्हणायचे आणि त्यांना ते आवडायचं. पाठवण्याआधी प्रत्येक गोष्ट तपासायची, हे त्यांचं काम. त्या म्हणाल्या, “ती टूंक कोणाच्या उपयोगाची असेल तर?”

“आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं,” मी म्हणालो आणि कामाला लागलो.

टूंक आत्येच्या पोटात होती. आत्येला उघडलं, टूंक काढली, परत मिटायला गेलो तर आत्या मिटेना. तिला ज्या जुन्या साधनांनी बनवलं होतं ती आता मिळत नव्हती. नव्या साधनांनी बनवली, तर ती म्हणाली, मला नवा मामा पाहिजे. नवा मामा आणला. तो वर्षाचे चारही आकडे लिहायचा. जुन्या आजोबांना दोनच आकड्यांची सवय, त्यांनी मामाला दारातच थांबवलं. मग आजोबाच नवे केले. त्याबरोबर जावई रुसला. नवा जावई आणला तर तो म्हणाला, आधी नवे आजोबा गादीवर बसवा. आणि नवे आजोबा म्हणाले, जुना जावई घरात असेपर्यंत मी पाऊल ठेवणार नाही. माझ्या सुंदर फळ्यावर दोऱ्यांचा असा गुंता झाला की झाडणाऱ्या बाईंनी तो जाळं समजून पुसायला घेतला.

घरी मी जेवताना फोनवर शंकासुरांना सांगत होतो, “आजोबांना आधी काढा, मग जावयाला बाहेरच उभा करा.” सासूबाई नेमक्या आलेल्या होत्या. त्या दुसऱ्या दिवशी परत गेल्या.

सल्ल्यांची मात्र कमतरता नव्हती. बायको स्वेटर विणत होती. ती म्हणाली, “अहो, निघालेला धागा ओढायचा नसतो. आतून गाठ मारायची आणि गप्प बसायचं.” दातवाले डॉक्टर म्हणाले, “मुळापासून उपटा. मूळ राहिलं की दुखतंच.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “नाहीतर तात्पुरता कापूस घाला.” आणि त्यांनी खरंच कापसाचा बोळा दिला. कोटवाले दुसऱ्यांदा आले, तेव्हा मी तो कॉम्प्युटरच्या आवाजाच्या भोकात ठासून बसवला होता. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून आम्ही खूश. प्रोग्राम चालला, बटण दाबलं, आणि कापसातून टूंकेऐवजी असा काही आवाज आला की मालक आणि कोटवाले दोघेही सभ्यपणे एकमेकांकडे न बघता खिडकीबाहेर बघू लागले. मी घाईघाईने म्हटलं, “हा कॉम्प्युटरचा आवाज आहे.” त्यामुळे सगळ्यांचा संशय माझ्यावरच पक्का झाला. मान खाली घालून काही दिवस काढले मी.

नाकापेक्षा मोती जड झाला होता, पण आता मागे फिरण्याची सोय नव्हती. त्यात सरकारी अडचण निघाली. बिल करणारा प्रोग्राम बदलला की त्याला एका कचेरीचा शिक्का लागायचा. ती कचेरी म्हणजे उंच छत, हिरव्या कपाटांच्या रांगा आणि एक खिडकी. खिडकीमागे जे साहेब होते, त्यांचा टेबलावरचा कप रिकामा असायचा आणि तो रिकामा असल्याचं त्यांना घोट घेतल्यावरच कळायचं.

“हा प्रोग्राम दुकानात चालताना बघितल्याशिवाय शिक्का नाही,” साहेब म्हणाले.

“बघा ना. या दुकानात.”

“शिक्क्याशिवाय दुकानात चालवलात तर दंड आहे.”

“मग तुम्ही बघणार कसा?”

“तेच तर,” साहेब म्हणाले आणि त्यांनी रिकाम्या कपातून घोट घेतला.

मी त्यांच्याकडे आदराने बघितलं. आजोबा आणि जावई यांची गाठ मी एकट्यानेच पाहिली आहे असं मला वाटत होतं. हा माणूस रोज त्याच गाठीत खुर्ची टाकून बसत होता. मी सगळी कहाणी सांगितली, कापसासकट. कापसाच्या भागाला ते पोट धरून हसले. मग म्हणाले, “हंगामी परवानगी घ्या. थोड्या दिवसांची. तोवर दुकानात चालवा, मी बघून जातो.”

“आणि थोड्या दिवसांनी संपली तर?”

“अहो, हंगामीच सगळ्यात टिकाऊ असतं. मी इथे हंगामी म्हणून लागलो. आता निवृत्त होतोय.”

हंगामी परवानगी घेऊन रस्त्यावर आल्यावर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आजोबा आणि जावई यांच्यामध्ये मी एक हंगामी जावई घातला. त्याला काही येत नव्हतं, तो नुसता दारात उभा राहून आजोबांना ‘या’ म्हणायचा. आजोबा आत आले, खरा जावई आला आणि हंगामी जावई गुपचूप निघून गेला. फळ्यावरचे दोरे एका दुपारी सरळ झाले. शंकासुरांनी सगळं तपासलं, परत तपासलं, आणि त्यांना शंका सापडली नाही म्हणून त्या दिवसभर उदास होत्या.

आम्ही सगळ्या ग्राहकांना सीडी पाठवल्या. प्रत्येक सीडीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, आधी हंगामी जावई, मग आजोबा, मग मामा, मग आत्या, शेवटी जावई. एकाही दुकानातून फोन आला नाही. माझ्या आयुष्यात मी इतकी निर्दोष गोष्ट तोपर्यंत केली नव्हती आणि नंतरही केली नाही. कोटवाल्यांनी करार केला. त्यात ‘कोणताही आवाज नको’ असं कलम होतं. मालकांनी भिंतींना फिकट निळा रंग काढला.

आणि मग अप्पांचा फोन आला.

अप्पा म्हणजे आमच्याच रस्त्यावरचे चष्मेवाले. आमचे सगळ्यात पहिले ग्राहक. मालकांकडे एक खुर्ची आणि एक स्वप्न एवढंच होतं, त्या दिवसांत अप्पांनी प्रोग्राम न बघता घेतला होता. दुकानात ते आणि त्यांची मुलगी. मुलगी आतल्या खोलीत फ्रेमला काचा बसवायची आणि बाहेर येऊन गिऱ्हाइकांचे डोळे तपासायची. अप्पा गल्ल्यावर बसून बिलं करायचे आणि समोरच्याला कोणती फ्रेम शोभेल ते न मागता सांगायचे.

“तुमची आत्या मुकी झाली,” अप्पा म्हणाले.

“अप्पा, तीच तर सुधारणा आहे!”

“कोणी मागितली होती?” म्हणाले आणि फोन ठेवला.

मी दुर्लक्ष केलं. म्हातारी माणसं बदलाला नाक मुरडतातच, असं त्या वयात वाटायचं. पण थोड्याच दिवसांत त्यांची मुलगी जिना चढून ऑफिसात आली. तिच्या हातात बिलांचा गठ्ठा होता. एकाच माणसाची एकाच चष्म्याची तीन बिलं. एका बाईंना नुसता कोरा कागद. ती शांत होती, पण गठ्ठा तिने घट्ट धरला होता.

“तुमच्या प्रोग्राममध्ये काही दोष आहे का, ते सांगा,” ती म्हणाली. “असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर मला अप्पांना घरी बसवावं लागेल. विसरायला लागलेत बहुतेक. दुकानाचं नाव खराब होतंय.”

आता माझ्या त्या निर्दोष प्रोग्रामवर कोणी शंका घ्यावी? मी ताठ झालो. “दोष असणं शक्य नाही,” म्हणालो. “हवं तर मी येऊन सिद्ध करतो.”

तिचा चेहरा पडला. शंकासुर माझ्याकडे बघत होत्या. तेच मला टोचलं.

दुपारी मी अप्पांच्या शेजारी स्टूल टाकून बसलो. दुकान लहान, पण लखलखीत. काचेच्या कपाटात चष्म्यांच्या रांगा, समोरच्या भिंतीवर अक्षरांची पाटी, वर मोठी आणि खाली मुंगीएवढी होत गेलेली. मुलगी आतल्या खोलीत होती. एक गिऱ्हाईक आलं. अप्पांची बोटं पेटीवाल्यासारखी कीबोर्डवर चालली. काही चुकलं नाही. त्यांनी बटण दाबलं, मान जराशी तिरकी केली आणि थांबले.

जिन्यावर ओळखीची पावलं वाजायची वाट बघत माणूस थांबतो, तसे थांबले. पावलं वाजली नाहीत. त्यांनी परत बटण दाबलं. परत मान तिरकी केली.

“अप्पा,” मी मुद्दाम खोटंच म्हटलं, “नोंद झाली की. पडद्यावर आलंय.”

“हो, आलंय ना. दिसतंय मला.”

पडद्यावर तेव्हा मोठ्या लाल अक्षरांत ‘प्रिंटरमध्ये कागद नाही’ असं आलेलं होतं.

गिऱ्हाईक जाऊ दिलं. मग हळूच विचारलं, “कधीपासून दिसत नाही?”

अप्पांनी आधी आतल्या खोलीकडे कान दिला. “दिसतं हो. माणसं दिसतात, फ्रेमा दिसतात. पडद्यावरची अक्षरं तेवढी धुक्यात जातात. मोतीबिंदू आहे, मला काय कळत नाही?”

“पण तुमची मुलगी डोळे तपासते ना तुमचे?”

तेव्हा अप्पांच्या चेहऱ्यावर शाळकरी पोराचं हसू आलं. त्यांनी डोळे मिटले आणि हात मांडीवर ठेवून म्हणायला लागले, “ग. र, प. ठ, म, ल. द, ख, ग, र...” खालच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत, न अडखळता. “दुकान उघडलं त्या दिवशी मीच टांगलीय ती पाटी. दर वेळी पहिला नंबर येतो माझा.”

“अप्पा, अहो साधं ऑपरेशन असतं. तुम्हीच लोकांना सांगता.”

“लोकांच्या डोळ्यांचं सांगतो. माझ्या डोळ्याला कोणी सुई लावणार म्हटलं की पाय लटपटतात माझे.” मग ते बराच वेळ एका चष्म्याची काच पुसत राहिले. “आणि हिला कळलं की ती घरी बसवणार. घरी काय आहे? हिच्या आईची खुर्ची आहे, रिकामी. तिच्यासमोर बसून दिवसभर काय करू मी?”

आवाज नको म्हणून मी जी उठाठेव केली, आजोबा हलवले, मामा हलवले, तिचं टोक इथे येऊन या माणसाला टोचत होतं आणि माझ्या फळ्यावर तो दोराच नव्हता.

“टूंक परत देतो,” मी म्हटलं. “पण आधी ऑपरेशन.”

“आधी टूंक.”

“आधी ऑपरेशन, अप्पा.”

“टूंक नसेल तर तोवर इथे बसू कसा? आणि एकदा घरी बसवलेला माणूस परत दुकानात आलेला बघितलाय का कुठे?”

ही गाठ मी ओळखली. आजोबा म्हणतात आधी जावई जाऊ दे, जावई म्हणतो आधी आजोबा येऊ दे. मी म्हणालो, “मग हंगामी टूंक देतो. थंडी संपेपर्यंत वाजेल. त्यानंतर आपोआप बंद पडेल. तेवढ्यात डोळे करून घ्या.”

अप्पांनी विचार केला आणि हात पुढे केला. फ्रेमचा सौदा झाल्यावर करायचे तसा.

सौदा झाला खरा, पण ऑफिसात सांगणार काय? मालकांसमोर उभा राहिलो आणि म्हटलं, अप्पांसाठी एक वेगळी आत्या लागेल, टूंक करणारी. मालकांचा नवा रंग अजून वाळला नव्हता. त्यांनी करारातलं कलम मला मोठ्याने वाचून दाखवलं. शंकासुर म्हणाल्या, “म्हणजे यापुढे प्रत्येक सुधारणेला दोन आत्या सांभाळायच्या. एक सगळ्यांची, एक अप्पांची.”

“का हवीय त्यांना?” मालकांनी विचारलं.

“कारण सांगता येणार नाही,” मी म्हणालो.

मालक खिडकीतून खाली रस्त्याकडे बघत राहिले. तिथून अप्पांच्या दुकानाची पाटी दिसायची. “त्यांनी तरी मला कुठे काही विचारलं होतं,” ते म्हणाले. “करा वेगळी आत्या.”

सगळ्यात अवघड काम पुढे होतं. मी अप्पांच्या दुकानात गेलो आणि अप्पांच्या देखत त्यांच्या मुलीला म्हटलं, “दोष आमच्याच प्रोग्राममध्ये होता. सगळी चूक माझी. अप्पांचं काही चुकलेलं नाही.” माझ्या आयुष्यातली एकमेव निर्दोष गोष्ट मी स्वतःच्या तोंडाने सदोष म्हणून जाहीर केली. इतकंच नव्हे, तर अप्पा लगेच मान हलवून म्हणाले, “मी म्हणतच होतो. हल्लीच्या पोरांचं काम म्हणजे!” मी ते गिळलं. ती मात्र माझ्याकडे बघून म्हणाली, “बरं झालं,” आणि लगबगीने आत गेली.

त्या दिवसापासून अप्पांच्या दुकानात मी ‘टूंकवाले’ झालो. बारसं अप्पांनीच केलं. चारचौघांत हाक मारायचे, “या टूंकवाले.” प्रकाशन व्यवस्थापक या पदाची अशी वाट लागली. दातवाल्या डॉक्टरांनीही मग कवितांचं बाड परत नेलं.

थंडी सरता सरता अप्पा काळा चष्मा लावून रस्त्यावरून जाताना दिसले. ऑपरेशन झालं होतं. मुलीला काय सांगितलं, ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चष्मा उतरल्यावर त्यांनी पहिल्यांदा जर कोणाची खोड काढली असेल तर माझी. “हे काय, केस पांढरे व्हायला लागलेत की तुमचे! आधी कोणी सांगितलं नाही.”

ठरल्या दिवशी टूंक आपोआप बंद पडली. मी मनातल्या मनात माझी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी फोन आला, पण अप्पांचा नाही. मुलीचा.

“तो आवाज परत चालू करा ना,” ती म्हणाली.

“पण अप्पांना तर आता...” मी जीभ चावली. “म्हणजे, काही अडलंय का?”

“त्यांचं काही अडलेलं नाही. माझं अडलंय. आत काचा बसवताना मान वर करता येत नाही. टूंक झाली की कळायचं, अप्पा बाहेर आहेत, बरे आहेत. कालपासून दर थोड्या वेळाने उठून बघावं लागतंय.”

मी फोन ठेवला आणि लगेच गेलो. हंगामी टूंकेवरची मुदत काढून टाकली. ऑफिसात परत आल्यावर फळ्यावर आत्येच्या चिठ्ठीला एक नवा दोरा बांधला, तो फळ्याच्या बाहेर नेला आणि खिडकीच्या चौकटीला खिळ्याने ठोकला. नवीन येणारे विचारायचे, हा दोरा कुठे जातो? शंकासुर खिडकीकडे बोट दाखवायच्या.

आता ती कंपनी नाही. कोटवाल्यांनी ती विकत घेतली, मग त्यांना आणखी कोणीतरी घेतलं, मग आत्या, मामा, आजोबा सगळेच मोडीत निघाले. आमच्या निळ्या खोल्यांत डॉक्टरांची पेशंट मंडळी गाल धरून बसतात. मालक गेले. शंकासुरांशी कधीमधी फोनवर बोलतो. फोन ठेवताना त्या हटकून विचारतात, “सगळं ठीक आहे ना? नक्की?” ते दिवस फार मोठे होते असं नाही. पण जिना चढताना आज काय अडणार म्हणून पोटात जी गंमत वाटायची, ती परत कधी वाटली नाही आणि तिची आठवण येते.

गेल्या महिन्यात मला पेपर वाचता येईना, म्हणून अप्पांच्या दुकानात गेलो. अप्पा नाहीत आता. मुलीचे केस माझ्यासारखेच पांढरे झालेत. तिने मला खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला आणि म्हणाली, “वाचा.”

समोर सगळं धूसर होतं. पण आता तिच्यापुढे काय लाज घालवायची? मी मान ताठ केली. “ग. र, प. ठ, म, ल. द, ख, ग, र...” खालच्या ओळीपर्यंत, न अडखळता.

तिने मला पुरं म्हणू दिलं. मग म्हणाली, “पाटी बदललीय मी. अप्पा गेल्यावर.”

माझी जी काही शोभा व्हायची ती झाली. ती हसत होती. “अप्पाही असंच वाचायचे. दर वेळी पहिला नंबर.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“डोळे तपासण्यात जन्म गेला माझा. कोण बघून वाचतंय आणि कोण पाठ म्हणतंय, एवढं कळत नसेल? पण ते स्वतः बोलत नव्हते. मी बोलले असते, तर त्यांना खाली मान घालावी लागली असती.”

“मग त्या दिवशी ती बिलं घेऊन आमच्याकडे...”

“दोष प्रोग्राममध्ये आहे, असं कोणीतरी म्हणावं म्हणून आले होते,” ती म्हणाली. “आणि तुम्ही म्हणालात, शक्य नाही! रडू यायचं बाकी होतं मला.”

तिने दुसरा डोळा झाकला, खऱ्या पाटीवरचं खरं वाचायला लावलं, आणि मी भराभर चुकत गेलो. नंबर बराच वाढला होता. मग ती गल्ल्यावर जाऊन बसली. तिथे तोच जुना कॉम्प्युटर होता, पिवळा पडलेला. तिने माझं नाव भरलं, नंबर भरला, बटण दाबलं आणि मान जराशी तिरकी केली.

टूंक.

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. आत दिवा नव्हता.

“ही काढायची राहिलीच तुमची,” ती म्हणाली.

“राहू दे,” मी म्हणालो. “हंगामी आहे.”